धोंड्याच्या महिन्यातली सायकल

आमच्या नातेवाइकांत एक गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक आहे, ती म्हणजे माझा जावई गाडी बेफिकीर चालवतो. बोरिवलीची माझी बहीण हे सांगते, मुलुंडचे साडू सांगतात, आणि गावाहून फोन आला की चुलतभाऊ आधी तब्येत विचारतात आणि मग विचारतात, "जावई आता हळू चालवतात ना?" आमच्या घराण्याने इतक्या एकमताने दुसरी कुठलीच गोष्ट मान्य केलेली नाही. गावच्या सामाईक फणसाबद्दल अजूनही प्रत्येक घराचं वेगळं मत आहे. जावयाबद्दलचं हे एकमत मी एकट्याने घडवून आणलं. त्याचं श्रेय मी आजवर घेतलं नव्हतं, ते आता घेतो.

मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होतो. आधी फिटर, मग सुपरवायझर, मग रिटायर. रिटायर फिटरइतका धोकादायक माणूस सोसायटीत दुसरा नसतो. मी आमच्या मजल्यावरचे न गळणारे नळ दुरुस्त करून गळते केले होते, तरी लोक आदराने बोलत, कारण पैसे घेत नव्हतो.

मुलीने वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या मुलाशी लग्न केलं. आम्ही कोकणातले. मासे दोन्ही घरांचे जीव की प्राण. फरक इतकाच की ते विकतात आणि आम्ही विकत घेतो, आणि विकत घेणारा वरचा असतो असं मला लहानपणी कोणीतरी सांगितलं असावं. मी लग्नाला विरोध केला नाही. तो अडाणी लोक करतात. मी फक्त जावयाला अहो-जाहो करत राहिलो. मान देण्याची ती एक पद्धत आहे, आणि लांब ठेवण्याचीही. तो बिचारा मला पप्पा म्हणत राहिला.

तो दिंडोशीत आमच्याच कॉलनीत दोन इमारती सोडून राहतो आणि अंधेरीला एका ऑफिसात हिशेबाचं काम करतो. तेव्हा मेट्रो नवी होती. सकाळी गार डब्यात बसायचं, मध्ये एकदा गाडी बदलायची, आणि शर्टाची इस्त्री न मोडता ऑफिसात पोचायचं. संध्याकाळी तसंच परत. तो सुखात होता. मला ते बघवलं नाही.

"आरेतून रस्ता आहे," मी एकदा म्हणालो. "झाडीतून सरळ मरोळला निघतो. सायकलने गेलात तर व्यायाम होईल."

"मेट्रो बरी आहे, पप्पा."

"चढ आहेत म्हणून म्हणता ना? मोटर बसवू."

"नाही, मेट्रो खरंच बरी आहे."

तो संकोच करतोय असं मी धरून चाललो.

त्या वर्षी अधिक महिना आला, म्हणजे धोंड्याचा महिना. जावयांची ही सुगी. जावयाला नारायण मानून जेवायला बोलवायचं, तेहतीस अनारसे द्यायचे आणि वर काहीतरी भारी वस्तू द्यायची. बायकोने चांदीचं तबक मनात धरलं होतं. मी म्हणालो, मी स्वतःच्या हाताने इलेक्ट्रिक सायकल बनवून देणार.

"जावयाक सायकल कोण देता?" ती म्हणाली. "पेपर टाकूक जातलो काय तो?"

"मोटरवाली आहे ती."

"मगे पेपर लवकर टाकून होतले."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करण्याचं कौशल्य माझ्याकडे होतं. मी बाल्कनीतली तुळस खिडकीत हलवली आणि कारखाना थाटला.

दुकानात तयार मिळणाऱ्या बहुतेक ई-सायकली अडीचशे वॅटच्या. त्यांना लायसन्स लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही, आणि त्या पंचविसाच्या वर पळत नाहीत. आमच्या मिक्सरची ताकदही याहून जास्त आहे. चटणी वाटायला जेवढी लागते तेवढीसुद्धा माझ्या जावयाच्या वाट्याला येऊ नये, हे मला पटेना. मी पंधराशे वॅटची मोटर मागवली. तिला शोभेलशी बॅटरी मागवली. मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून 'अडीचशे वॅट' असा छान स्टिकर छापून घेतला आणि मोटरवर चिकटवला. कायदा पाळण्याची ही पद्धत माझी एकट्याची नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

मोटरबद्दल मात्र थोडं सांगावंच लागेल, कारण पुढचं सगळं तिथे अडकलं आहे. ही मोटर मागच्या चाकाच्या पोटात बसते. ती चाकाला जितक्या जोराने पुढे फिरवते तितक्याच जोराने आपला आस, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, मागे फिरवायला बघते. तो फिरू नये म्हणून आसाच्या दोन बाजू चपट्या केलेल्या असतात आणि तो फ्रेमच्या खाचेत घट्ट बसवतात. लहान मोटरला तेवढं पुरतं. मोठ्या मोटरला आसात एक जाड पोलादी पट्टी अडकवून ती फ्रेमला बांधावी लागते. मोटरच्या खोक्यात ती पट्टी आलेली होती. इंटरनेटवर ज्याचे व्हिडिओ बघून मी हे सगळं जमवत होतो तो माणूसही पुन्हा पुन्हा सांगत होता की पट्टीशिवाय चालवू नका, अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर तर मुळीच नको. माझी फ्रेम अॅल्युमिनियमची होती. चमकत होती म्हणून घेतली होती.

मी व्हिडिओ बंद केला. त्या माणसाला माझा हात माहीत नव्हता. मी आवळलेला नट दुसऱ्या कोणाला सुटत नाही, अशी कारखान्यात माझी ख्याती होती. ती पसरवण्याचं कामही मीच करत असे. शिवाय पट्टी बाहेरून दिसली असती. साडू आले असते, वाकून बघितलं असतं आणि विचारलं असतं, हे ठिगळ कसलं? फिटरच्या कामात ठिगळ दिसता कामा नये. मी दोन्ही नट जीव लावून आवळले आणि पट्टी स्वयंपाकघरात ठेवून दिली. बायकोला ती आवडली. कुर्ल्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, नांग्या फोडायला तिला असं काहीतरी जड हवंच होतं.

अनारशांच्या ताटाशेजारी सायकल उभी केली, तिला हळदकुंकू लावलं. जावई कॉलनीत एक फेरी मारून आला. केस मागे उडालेले, चेहऱ्यावर न मावणारं हसू.

"पप्पा, ही अडीचशेची वाटत नाही हो."

"फिटिंग चांगलं असलं की असं होतं."

मुलीने विचारलं, "सेफ आहे ना पप्पा?"

"तुझ्या बापाने बनवली आहे," मी म्हणालो. तिला ते उत्तर वाटलं.

आणि मग एक अडचण झाली. त्याला ती खरोखर आवडली. तो मेट्रो विसरला. आरेतल्या चढावर मोटरसायकलवाले कसे वळून बघतात, तबेल्यांपाशी म्हशी कशा रस्ता अडवतात, हे सगळं तो मला येऊन सांगायला लागला. रविवारी चहाचा कप घेऊन बाल्कनीत बसायचा, मी साखळीला तेल देताना बघायचा, प्रश्न विचारायचा. आतापर्यंत आम्ही एकमेकांशी फक्त हवामान आणि पापलेटचा भाव बोललो होतो. त्या महिन्यात एकदा मी त्याला चुकून "अरे" म्हणालो. दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

अशाच एका रविवारी तो म्हणाला, "मागून कट्ट आवाज येतो, पप्पा. थ्रॉटल दिला की एकदा, ब्रेक मारला की एकदा."

हे वाक्य मला पाठ आहे. बेफिकीर माणसाचं वाक्य आहे ते. ज्याला गाडीची पर्वा नसते तोच इतकं नेमकं सांगतो ना?

आवाज कसला ते कोणत्याही फिटरला कळलं असतं. मी सायकलला एक खास ब्रेक जोडला होता, ज्यात वेग कमी होताना मोटरच उलटी वीज बनवून बॅटरीत टाकते. त्यामुळे आस आता पुढे एकदा आणि मागे एकदा असा दोन्हीकडून हिसके खात होता, आणि त्याला धरायला पट्टी नव्हती. ती आत ओट्यावर होती, तिला कुर्ल्यांचा वास येत होता.

"नवीन आहे," मी म्हणालो. "बसेल हळूहळू." आणि नट अजून थोडे आवळले.

पुढच्याच आठवड्यात, ऑफिसला जाताना, आरेतल्या एका स्पीडब्रेकरनंतर त्याने चढासाठी थ्रॉटल दिला. आस खाचेत गरकन फिरला, वायरी पिळवटून तुटल्या आणि एकमेकींना चिकटल्या. अशा वेळी मोटर धावायचं सोडून स्वतःच ब्रेक बनते. चाक अडकलं, तिरकं झालं, सायकल आडवी. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने करकचून गाडी थांबवली आणि त्यालाच आत घालून हॉस्पिटलात नेलं. हे मी आता सांगू शकतो. त्याला तेव्हा एवढंच कळलं होतं की त्याने थ्रॉटल दिला आणि तो पडला.

मनगट मोडलं होतं. ऑपरेशन करून आत पट्टी बसवावी लागली. जी मी सायकलला लावली नाही ती डॉक्टरांनी त्याच्या हाताला लावली, सहा स्क्रूंसकट. त्यांचं फिटिंग अजून हललेलं नाही.

हॉस्पिटलात वर्सोव्याहून त्याची आई आली होती, बाजार अर्धा टाकून. "वादलात होडी सांभालली रे तू," ती त्याला म्हणाली, "नि सायकल नाय सांभालली? ती पण अडीचशाची?" मुलाने तिलाही आकडा सांगितला होता. त्याला वाटलं होतं आईला धीर येईल.

तो माझ्याकडे वळून म्हणाला, "पप्पा, सॉरी. एवढ्या मेहनतीने बनवली होती तुम्ही. माझाच हात जास्त वळला बहुतेक."

बोलायची वेळ ती होती. चार शब्द पुरले असते. खाटेभोवती माझी बायको होती, मुलगी होती, त्याची आई होती. मी त्याच्या चांगल्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ द्या. होतं असं. सायकल काय, दुसरी बनवता येईल."

थोडक्यात, मी त्याला माफ केलं.

सायकल टेम्पोतून घरी आली. मागची खाच गोल झाली होती, जणू कोणी मुद्दाम कानसून रुंद केली असावी. ज्याला स्क्रूड्रायव्हर कुठून धरतात एवढं माहीत आहे त्यालाही एका नजरेत कळलं असतं. म्हणून कोणाची नजर पडायच्या आत मी मोटर सोडवली, स्टिकर खरवडला आणि फ्रेम भंगारवाल्याला देऊन टाकली. मुलीला सांगितलं, सायकल बघून त्रास होईल ना गं त्याला, म्हणून दिली. तिचे डोळे भरून आले. किती विचार करतात पप्पा.

नंतर माफी देण्याची मला सवयच लागली. फॅमिली ग्रुपवर लिहिलं, 'तरुण रक्त आहे, वेगाचा मोह होतो, देवाने वाचवलं.' खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. बोरिवलीला भाच्याच्या साखरपुड्यात माझ्या हातात माइक आला. हातात माइक आला की आमच्या घराण्यातला माणूस तो सहसा परत देत नाही. मी नवऱ्या मुलाला म्हणालो, सासऱ्याने दिलेली वस्तू जपून चालव रे, आमचे जावईबापू बघ, एका महिन्यात भंगारात. सगळा हॉल हसला. जावई पहिल्या रांगेत होता, हात गळ्यात बांधलेला. तोही हसला. हातामुळे टाळी वाजवता आली नाही.

त्यानंतर तो काही चालवेना. स्कूटर होती ती विकली. आता मुलगी चालवते आणि तो मागे बसतो. कॉलनीतले लोक म्हणतात, वा, काळ बदलला. तो मान हलवतो. मेट्रोने जातो, पूर्वीसारखाच. फक्त पूर्वी त्याला ती बरी वाटायची.

मी म्हटलं असतं, चाललंय ते चालू दे. माझ्या वयाला सत्य झेपत नाही, बीपी आहे. पण माझी नात मोठी झाली. तिला सायकल हवी होती, घेतली. लहानशी, लाल, बिनमोटरची. शिकवायला कोण? ती बापाकडे गेली. तो म्हणाला, "आईकडून शीक. मला सायकलचं नाही जमत." ती हट्टाला पेटली, तू फक्त सीट धर, एवढंच म्हणाली. त्याने सीट धरली. मी बाल्कनीतून बघत होतो. चार पावलं चालला आणि ती थोडी कलली तसा तिला उचलून खाली उतरवली आणि सायकल जिन्याखाली लावून आला. वर येऊन बराच वेळ आपल्या मनगटाकडे बघत बसला. ज्या माणसाने पोरवयात खाडीच्या तोंडाशी उलट्या वाऱ्यात होडी आणली होती, त्याचा आपल्या हातावरचा विश्वास मी काढून घेतला होता. परत देण्याची वस्तू होती ती, आणि ती माझ्या एकट्याकडे होती.

त्या रविवारी आमच्याकडे कुर्ल्या होत्या. वर्सोव्याच्या विहीणबाईंनीच पाठवलेल्या, भरलेल्या. जावई नांगी फोडत होता, बायकोने त्याला ती पट्टी दिली.

"ह्याने फोडा. मस्त फुटतत."

त्याने दोन फोडल्या. मग पट्टी उलटसुलट बघितली. "चांगली जड आहे आई. कुठून आणली?"

"ह्यांच्या सायकलीच्या खोक्यात इल्ली," ती म्हणाली. "उरली होती."

त्याला काहीच कळलं नाही. पट्टी बाजूला ठेवून तो पुन्हा खायला लागला. मी अजून गप्प बसू शकलो असतो, आणि मला ते येतंही उत्तम. पण समोर नात बसली होती, तिने विचारलं, "उरली म्हणजे? लावायची राहिली?"

"हो," मी म्हणालो. "लावायची राहिली."

मग मी सगळं सांगितलं. पंधराशे वॅट, स्टिकर, खाच, कट्ट आवाज, भंगारवाला. पट्टी हातात घेऊन ती कुठे बसते ते दाखवलं. कुर्ल्यांचा रस्सा हातावरून ओघळत होता. बायको म्हणाली, "माका ठावक असतां तर मी हेना कुर्ल्या फोडलय नसतंय." मुलीने ताट उचललं आणि आत जाऊन नळ जोरात सोडला.

जावयाने हात धुतले, पुसले. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"पप्पा, तुम्ही मला माफ केलं होतं."

"हो."

"माइकवर."

"हो."

"मी तीन वर्षं विचार करतोय की त्या दिवशी मी नक्की काय केलं." तो म्हणाला. "मी तुम्हाला आवाज सांगितला होता ना?"

"सांगितला होता. कट्ट."

"हां. कट्ट." त्याने मान हलवली, जणू एवढीच एक गोष्ट पक्की करायची होती. मग म्हणाला, "ज्यांच्या ज्यांच्यासमोर माफ केलंत त्यांना सगळ्यांना सांगा. तुमच्या शब्दांत सांगा, चालेल. पण पूर्ण सांगा."

मी लगेच ग्रुपवर मजकूर टाकायला घेतला. 'काही तांत्रिक कारणांमुळे पूर्वी झालेल्या अपघाताबाबत गैरसमज' इथवर आलो होतो. मुलीने मागून वाचलं आणि फोन माझ्या हातातून काढून घेतला. "तांत्रिक कारण म्हणजे तुम्ही," ती म्हणाली. त्या दिवसातलं तिचं माझ्याशी तेवढंच बोलणं झालं. म्हणून ग्रुपसाठी हे सगळं नव्याने लिहिलं, आणि ते इतकं लांब झालं. बोरिवलीच्या बहिणीने, मुलुंडच्या साडूंनी आणि गावच्या भावांनी हे शेवटपर्यंत वाचावं, आणि पुढच्या फोनवर जावयाच्या वेगाची चौकशी करू नये. पुढचा साखरपुडा आला की मला माइक द्या, मी तिथेही सांगेन. या वेळी लगेच परत देईन.

दुसऱ्या रविवारी तो लाल सायकल घेऊन खाली उतरला. मला हाक मारली नव्हती, तरी मी पाना घेऊन गेलो. चाकाचे नट आवळले. तो शेजारी गुडघ्यावर बसला, माझ्या हातातून पाना घेतला आणि एकेक नट पुन्हा तपासला. त्यातला एक नट अजून अर्धा वळसा फिरला. त्याने वर बघितलं नाही, मीही खाली बघितलं नाही. मग त्याने सीट धरली आणि नातीला म्हणाला, "समोर बघ. हँडल गच्च धरू नको. मी आहे." पाण्याच्या टाकीपर्यंत गेले दोघं. तिथे त्याने हात सोडला होता की नाही हे मला लांबून दिसलं नाही.

त्याने मला माफ केलं की नाही हे मी विचारलेलं नाही. त्याच्यावर ती वेळ आणायची नाही. एवढं मला माझ्याच अनुभवावरून कळलं आहे की माफी फार स्वस्तात देता येते.

आता पुन्हा अधिक महिना आला आहे. बायकोने अनारशांचं पीठ भिजवलं आणि जावयाला फोन लावून विचारलं, या वेळी काय घेऊया तुमका, तुमीच सांगा. फोन स्पीकरवर होता.

"काहीही द्या, आई," तो म्हणाला. "फक्त दुकानातून आणा."